२३ किलो आणि कोपऱ्यावरच्या काकू

"काकूंनी वजनकाटा आणलाय. हुकाचा! बॅगेला अडकवायचा, उचलायचं, की वर आकडा येतो," मामींनी भिंतीवरून बातमी टाकली.

"मग बरंच केलं की."

"काटा बराच आहे हो. पण उचलणार कोण? काकांचा खांदा धरलेला, काकूंचं मनगट दुखरं. काल संध्याकाळी इस्त्रीवाल्याला हाक मारली. त्यानं उचलली, आकडा आला सव्वीस. मग तिघंही बॅगेकडे बघत उभे. इस्त्रीवाला म्हणतो, अम्मा, तीन किलो म्हणजे माझ्या इस्त्रीच्या निम्मं, कोण विचारतंय!"

चेन्नईतल्या नंगनल्लूरच्या आमच्या गल्लीत दोन घरांमधली भिंत छातीपर्यंत येते. बोलायला सोयीची, आणि पलीकडे काय वाळत घातलंय ते दिसायला त्याहून सोयीची. मामी तंजावरकडच्या मराठी. त्यांचं घराणं व्यंकोजीराजांच्या काळात कावेरीकाठी गेलं आणि पुढे कधीतरी मद्रासला आलं. मी नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि राहिले. त्यांची मराठी वेगळी, माझी वेगळी, पण कोपऱ्यावरच्या काकूंचा विषय निघाला की दोघींना एकमेकींचं सगळं कळतं. मीनम्बाक्कमचा विमानतळ इतका जवळ, की विमान डोक्यावर आलं की वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढे न्यायचं.

हल्ली विषय एकच. काकू-काका पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, न्यू जर्सीला, लेकीच्या बाळंतपणाला. त्यांच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा, बॅगेला २३ किलो. म्हणजे दोघांचे मिळून ९२ किलो, आणि हातातल्या बॅगा वेगळ्या. तिकीट आलं त्या दिवशी काकूंना हा आकडा अफाट वाटला होता. भेटेल त्याला सांगत सुटल्या, ब्याण्णव किलो आहेत हो आमच्याकडे! तिथेच घोटाळा झाला. भाड्यानं द्यायची खोली असल्यासारखी जाहिरात करायची कशाला?

"ब्याण्णवात त्यांचं स्वतःचं किती, ठाऊक आहे?" मामी म्हणाल्या. "मी चाळण परत करायला गेले होते, तेव्हा बघितलं."

"चाळण परत करायला."

"गेलेच होते, तर दिसलं. साड्या सहा, पंजाबी ड्रेस चार, स्वेटर दोन. काकांचं तर एका पिशवीत मावेल. वर औषधं. वीस किलो नाही व्हायचं. बाकी सगळं लोकांचं."

मग मामींनी यादीच म्हणून दाखवली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, हे लेकीचं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. विहीणबाईंनी बाळाला वाळे दिलेत, चांदीचे, एवढे एवढेसे; पण ते ठेवलेत पितळी पेटीत, आणि पेटी दीड किलोची. जावयाच्या मावसभावाला मुरुक्कू आणि आवक्काय लोणचं. काकांच्या मित्राच्या मुलीला इडलीपात्र. मैलापूरच्या नाचाच्या बाईंनी एका जुन्या शिष्येसाठी भरतनाट्यमची घुंगरं दिलीत, दोन्ही पायांची, चामड्याच्या पट्ट्यावर पाच-पाच ओळी शिवलेली. शिवाय ११० व्होल्टचा मिक्सर. हा चेन्नईचा खास प्रकार. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिकडे चालत नाही, म्हणून टी. नगरच्या दुकानांत परदेशी जाणाऱ्यांसाठी ११० व्होल्टचे मिक्सर आणि इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडरसुद्धा वेगळे मांडलेले असतात.

"तो मावसभाऊ न्यू जर्सीतच असतो ना?"

"टेक्ससला."

"मामी, टेक्सस म्हणजे विमानानं आणखी चार तास. इथून सिंगापूर येईल तेवढ्यात."

"तिथून टपालानं पाठवा म्हणाले."

"टपालाचा खर्च?"

मामी नुसत्या हसल्या.

बॅगाही काकूंनी चुकीच्याच घेतल्या, असं माझं ठाम मत आहे. पाँडी बाजारला गेल्या. तिथले फुटपाथ २०१९ मध्ये रुंद केल्यापासून चालायला मजा येते, आणि माणूस चालत राहिला की खरेदीही करत राहतो. दुकानातला पोरगा बॅगेवर उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या, बॅग परत फुगून वर आली. काकू खूश. चारही बॅगा सर्वांत मोठ्या मापाच्या घेतल्या, चारी एकसारख्या काळ्या.

आता यात समजून घ्यायचं ते असं. विमान कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज बघतात, ती साधारण १५८ सेंटिमीटरच्या आत हवी, आणि त्यात चाकं आणि मूठसुद्धा धरतात. दुकानातल्या चिठ्ठीवर पुष्कळदा नुसत्या खोक्याचं माप असतं. शिवाय सर्वांत मोठी टणक बॅग रिकामीच चार-पाच किलोंची. २३ मधून ते गेले, उरले १८. आणि १८ किलो कपडे-खाऊ मधल्या मापाच्या बॅगेतही आरामात बसतात. मोठ्या बॅगेत मग वर रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा दिसली की काकूंच्या हाताला चैन पडत नाही. सव्वीस तिथूनच आलं.

"मग घ्यायची कुठली?" मामींनी विचारलं. त्यांना स्वतःला कुठे जायचं नाही, पण माहिती असलेली बरी.

"जी आपली आपल्याला पट्ट्यावरून उतरवता येते ती. पासष्टी उलटलेल्या माणसानं दुसऱ्या कुठल्या मापाकडे बघूच नये. टणक घ्यायची तर पॉलिकार्बोनेटची किंवा पॉलिप्रॉपिलीनची. दाबली की वाकते आणि परत जागेवर येते. स्वस्तात एबीएसची मिळते, ती दिसते तशीच, पण आपटली की तडकते. कापडी बॅग हलकी असते, बाहेरून कप्पे असतात, थोडी दाबूनही बसवता येते; फक्त पावसात आणि लोणच्यात तिचा भरवसा नाही."

"चाकं?"

"विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांची. आपली ही गल्ली खणून ठेवलीय त्यात दोन मोठ्या चाकांची. काकूंची चार चाकांची बॅग गेटापासून टॅक्सीपर्यंतसुद्धा जायची नाही, लिहून ठेवा."

बॅगांवर मी जरा जास्त बोलते हे खरं. पण माझं माहेर नाशिकचं, आणि सूटकेसची अर्धी दुनिया नाशिकच्या आसपास तयार होते. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व्हीआयपीचे कारखाने सातपूर आणि सिन्नरला, सॅमसोनाइटचा इगतपुरीच्या वाटेवर गोंद्याला. आमच्या शेजारपाजारची कितीतरी माणसं तिथे पाळीवर जायची. एके काळी लग्नात नवरीची व्हीआयपी सूटकेस रुखवताइतकीच बघितली जायची. तिला चाकं नव्हती. चाकांची सूटकेस १९७० मध्ये बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यात आली, १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि दुकानदार त्याला म्हणत राहिले की पुरुषमाणूस चाकाची बॅग ओढत जाणं शक्य नाही. ती बॅगही आडवी, पट्ट्यानं ओढायची, सारखी कलंडायची. उभी बॅग, दोन चाकं आणि वर खेचायचा दांडा, ही युक्ती १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाची. रोज स्वतःची बॅग स्वतः वाहणाऱ्या माणसालाच हे सुचणार.

"आमचे आजोबा पेनांगला जायचे ना, रजुला बोटीनं," मामी म्हणाल्या, "त्यांची लोखंडी ट्रंक अजून माळ्यावर आहे. चार माणसं लागतात हलवायला."

एस. एस. रजुला हे मद्रासच्या जुन्या घरांतून अजून ऐकू येणारं नाव. १९२६ ची बोट, मद्रास–नागपट्टिनम–पेनांग–सिंगापूर अशा खेपा तिनं सत्तरीच्या दशकापर्यंत घातल्या. डेकवरचे प्रवासी स्वतःचं अंथरूण पसरून झोपायचे. बोटीत वजनाचा फारसा जाच नव्हता, म्हणून ट्रंका. विमानात किलो आले, तरी आपली पॅकिंग अजून बोटीचीच आहे, असं मी म्हटलं तर मामींनी मान हलवली.

"बोटीवाल्यांतही शहाणे होते हो. गांधी नाही का! १९३१ मध्ये गोलमेजला निघाले, राजपुताना बोट. बरोबरच्या मंडळींच्या पेट्या बघितल्या आणि असे चिडले की एडनला बोट लागल्यावर कितीतरी सामान परत मुंबईला पाठवून दिलं."

"त्यांचं काय, मामी. तुमच्या मदुरैत १९२१ साली पंचा नेसले ते कायमचे. दोन पंचे आणि शाल, झाली पॅकिंग. काकू नोव्हेंबरात न्यू जर्सीला चाललेत."

"मग रामानुजनचं घ्या. आपल्या हार्बरमधूनच गेले."

गणिती रामानुजनचं नाव निघालं की मामींचा आवाज बदलतो. पोर्ट ट्रस्टमधला कारकून, १७ मार्च १९१४ ला नेवासा बोटीनं निघालेला. कोट-पँट शिवून घेतलेली, शेंडी कापलेली. आणि केंब्रिजात पुढे एक दिवस मित्र प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांच्या खोलीत गेले तर हे थंडीनं हैराण. अंगावर ओव्हरकोट, शाल, आणि तरी झोप नाही. पलंगावर ब्लँकेटं होती, पण ती खाली नीट खोचून अंथरलेली. त्यांच्यात शिरून झोपायचं असतं हे रामानुजनना कुणी सांगितलंच नव्हतं. महालनोबिसांनी उलगडून दाखवलं.

"म्हणजे ऊब तिथेच होती!" मामी म्हणाल्या.

"तेच मी काकूंना सांगत होते. ते जाड स्वेटर इथून नेऊच नका. पातळ आतले कपडे दोन जोड, वर एकावर एक घालायचं, आणि मोठं जाकीट लेकीकडे असेलच. अन् सहा महिने राहायचं म्हणून सहा महिन्यांचे कपडे लागत नाहीत. आठवड्याचे न्यायचे, घरात मशिन आहे, रोज फिरतं. लहान मूल आल्यावर तर दिवसातून दोनदा."

"ऐकलं?"

"ऐकलं आणि तिसरा स्वेटर ठेवला."

खाण्याच्या बाबतीत काकूंना अडवणं मात्र भागच होतं. त्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या, चांगल्या दीड किलो, लेकीला गोडा मसाला करायला. सुकं खोबरं तेलानं भरलेलं. साठून राहिलं, तापलं की आपोआप पेटू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. काकूंचा विश्वासच बसेना. खोबरं कधी पेटतं का, आमच्या माळ्यावर वर्षभर असतं! मी म्हटलं, मसाला इथेच भाजून-कुटून न्या, वाट्या माझ्याकडे ठेवा. ठेवल्या. त्यांची चटणी झाली, मामींकडेही गेली.

नारळाचंही तसंच. हातातल्या बॅगेत नारळ सुरक्षा तपासणीला अडतो. २०२४ च्या मोसमात मात्र सरकारनं शबरीमलेच्या यात्रेकरूंना सवलत दिली होती, २० जानेवारी २०२५ पर्यंत इरुमुडीतला, म्हणजे यात्रेच्या गाठोड्यातला, नारळ विमानात जवळ ठेवायची.

"माझा भाऊ जातो ना दरवर्षी," मामी म्हणाल्या. "इरुमुडीला दोनच कप्पे. पुढच्यात देवाचं, तूप भरलेला नारळ वगैरे. मागच्यात आपलं. डोक्यावर घ्यायचं, अनवाणी चालायचं. लोकांचं सामान ठेवायला तिसरा कप्पाच नाही. शबरीमलेला चाललाच आहात तर आमचंही एवढं न्या, असं कुणी म्हणतं का?"

हे मला फार पटलं. मामी एरवी बातम्या देतात, मधूनच असं काही बोलून जातात.

कढीपत्त्यावरून मात्र त्या माझ्यावर रुसल्या होत्या. त्यांच्या दारचा कढीपत्ता त्या काकूंना देणार होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि मी मोडता घातला. अमेरिकेत कढीपत्ता नेता येत नाही. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्यावर सिलिड नावाचा बारीकसा किडा बसतो आणि तो संत्र्याच्या झाडांना ग्रीनिंगचा रोग देतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या बागांची वाट लागली. त्यामुळे मामींच्या चार फांद्यांकडे तिथला अधिकारी रसमच्या नजरेनं बघणार नाही.

"माझ्या झाडाला कीड नाही," मामी अजूनही म्हणतात.

"नसेल हो. पण नव्या नायरचं आठवतं ना? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, मेलबर्नला?"

ते सगळ्या चेन्नईला आठवतं. मल्याळी नटी, ओणमच्या कार्यक्रमाला निघालेली, वडिलांनी घेऊन दिलेला मोगऱ्याचा गजरा बरोबर होता, वीतभरसुद्धा नसेल. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर १,९८० डॉलर दंड, आपले लाखाच्या वर. आमच्या बाजारातल्या फुलवाल्या अम्मांनी ते ऐकून सांगितलं होतं, एवढ्या पैशांत मी तिला सात वर्षं गजरा पुरवला असता.

आखातात किंवा सिंगापूरला जाणाऱ्याचं वेगळंच. तिथे खसखस चालत नाही, अफूच्या झाडाची म्हणून. दिवाळीत लेकाकडे दुबईला निघालेल्या आपल्या बायका अनारसे करतात आणि एका बाजूला छान खसखस लावून देतात! करंजीच्या सारणातही ती असतेच. असल्या प्रवासाला चिवडा न्यावा आणि गप्प बसावं. अमेरिकेपुरतं सांगायचं तर विचारलं की खाण्याचं आहे म्हणून सांगून टाकायचं. सांगितलेलं फार तर काढून ठेवतात. दंड होतो तो लपवल्याचा. आणि खरं तर एवढं न्यायचंच कशाला? एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराणा, मिठाया, साड्या, देवाच्या मूर्ती, सगळं मिळतं. काकूंच्या लेकीचं घर तिथून फार लांबही नाही. पण काकूंना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. तिकडे सगळं मिळतं म्हणजे मग आपण कशासाठी चाललो, असं काहीतरी मनात येत असावं. त्यावर मी पुढे बोलत नाही. लाडू न्यावेतच.

पण ते बांधून, चिकटपट्टी मारून आलेले पुडे! त्यांच्याबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. परवा काकांच्या कुठल्याशा ओळखीच्याच्या ओळखीच्यानं एक पुडा आणून दिला. काय आहे, तर म्हणे पापड. उघडून बघू का म्हटलं तर राग.

"मुंबईच्या त्या जोडप्याचं ठाऊक आहे ना?" मी मामींना विचारलं.

ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. २०१९ मधली गोष्ट, नवरा-बायको कतारला निघालेली. नात्यातल्याच एका बाईनं सहलीची सगळी सोय करून दिली आणि जाताना एक पुडकं दिलं, तिथल्या ओळखीच्यांना द्या म्हणून. दोह्याच्या विमानतळावर उघडलं तर चार किलो चरस. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा. ती पोटुशी होती, मुलगी तुरुंगातच झाली. नंतर तपास झाला, दोघं निर्दोष ठरली आणि २०२१ मध्ये पोर घेऊन घरी आली. विमानतळावर विचारतात ना, बॅग तुम्ही स्वतः भरली का, ते उगाच विचारत नाहीत. काका खरं बोलणारे गृहस्थ. ते काय सांगणार? नव्वदातली सत्तर किलो गल्लीनं भरली?

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण नाही कसं म्हणायचं? इतकी वर्षं एका गल्लीत. उद्या चेहरे बघायचे आहेत."

"नाही म्हणायचंच नाही. आधी आपलं सगळं भरायचं. वजन करायचं. कुलूप लावायचं, ते टीएसएचं, लाल खुणेचं, म्हणजे तिकडच्या तपासणीवाल्यांनी उघडलं तरी तुटत नाही. मग जे तीन-चार किलो उरतील ते दाराशी एका पिशवीत. आलेल्याला पिशवी दाखवायची. यात मावेल ते, आणि उघडं. आधी येईल तो आधी. काकूंनी उलटं केलं. आधी लोकांचं घेतलं, आता स्वतःच्या साड्या काढतायत."

हे खरं होतं. सव्वीस आल्यावर काकूंनी बॅगेतून पहिली बाहेर काढली ती त्यांची मोरपंखी कांजीवरम. इडलीपात्र तसंच राहिलं, कारण ते दिलेल्या बाई संध्याकाळी विचारायला येणार होत्या.

"हातातल्या बॅगेचं मी बघितलं," मी म्हटलं, "म्हणून ती तरी धड आहे." औषधं सगळी तिथेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नव्हे. एक दिवसाचे कपडे, मोठ्या बॅगा मागे राहिल्या तर. चष्म्याची जोडी. पॉवर बँक हातातच. विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत विचारत नाहीत, काकांची २०,००० एमएएचची आहे, ती साधारण ७४ होते. काकांनी हे गणित स्वतः करून बघितलं आणि त्या दिवसापासून ते जरा उत्साहात आहेत. खोबरेल तेलाची मोठी बाटली मात्र हातातून काढली. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला, तेव्हापासून १०० मिलीच्या वरचा द्रव आपल्या विमानतळांवर हातात नेता येत नाही. काकू म्हणतात, म्हणजे त्या चोरांमुळे माझं तेल गेलं.

"आणि व्हीलचेअर?" मामींचा आवाज एकदम बारीक झाला, म्हणजे खरी बातमी आता.

"कुणाला?"

"काकूंना! मागवलीय. आंजनेयाच्या देवळाला रोज पहाटे अकरा प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला व्हीलचेअर! बत्तीस फुटांचा मारुती सगळं बघतोय म्हटलं. तर म्हणतात, वहिनी, चालता येतं हो, पण विमान बदलताना इंग्रजी पाट्या वाचत कुठे पळू? ढकलणारा पोरगा बरोबर जागी नेऊन सोडतो. काकांनापण मागवलीय. दोन."

याला मात्र मी काही बोलले नाही. वाट चुकण्याची भीती गुडघेदुखीपेक्षा कमी नसते, आणि पोरगा खरंच बरोबर सोडतो. फक्त ज्यांना पाऊल टाकवत नाही त्यांना मग थांबावं लागतं, एवढं काकूंच्या कानावर घालायला हवं.

"बॅगांना लाल रिबिनी बांधल्यात बरं का," मामी म्हणाल्या. "काळ्या बॅगा ओळखू याव्यात म्हणून."

"सगळ्या विमानातल्या सगळ्या काळ्या बॅगांना लाल रिबिनी असतात, मामी. जुन्या साडीचा काठ बांधायला सांगा. जांभळा-पोपटी असेल तो. तसला दुसरा असणार नाही."

"सांगते. मी जाणारच आहे."

"आता काय परत करायचंय?"

"परत नाही. मोजायचंय. काकूंची ती मिक्सरची बॅग आहे ना, ती येताना रिकामी येणार. मिक्सर तिकडेच राहणार, लाडू संपणार, घुंगरं जाणार. तेवीसच्या तेवीस किलो मोकळे."

"येताना बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, जावयाचे जुने बूट. एक किलो उरायचं नाही."

"म्हणून तर," मामी म्हणाल्या. "जातानाचं सगळ्या गल्लीनं घेतलं. येतानाचं कुणी विचारलंच नव्हतं. मी चाळण द्यायला गेले त्या दिवशीच सहा किलो सांगून ठेवलेत."